१,६९०पैकी एक: १९५३ची ब्युइक स्कायलार्क विकत घ्यायची असेल तर

जाहिरात साधारण अशी असते: ‘१९५३ ब्युइक स्कायलार्क कन्व्हर्टिबल. १,६९०पैकी एक. मॅचिंग नंबर्स. फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन. सगळं चालू. नुसती चौकशी करणाऱ्यांनी फोन करू नये.’ सोबत कलत्या उन्हात काढलेले फोटो, त्यातले निम्मे बॉनेटवरच्या चिन्हाचे आणि तारांच्या चाकांचे. गाडीच्या खालून काढलेला एकही नाही.

डेट्रॉइटच्या परिसरात मोटार कंपन्यांत काम करणारी मराठी मंडळी बरीच आहेत. मुलं कॉलेजला गेली, घराचं कर्ज उतरणीला लागलं, की त्यातल्या एखाद्याच्या नजरेला अशी जाहिरात पडते आणि मला विचारणा होते, ‘बघायला येतोस का?’ येतो की. पण येण्याआधी काय काय करून ठेवायचं, ते एकदाच लिहून टाकतो.

नवखा माणूस गाडीपाशी गेला की पहिल्यांदा बॉनेट उघडायला सांगतो आणि इंजिनाचा आवाज ऐकतो. स्कायलार्कच्या बाबतीत इंजिन सगळ्यात शेवटी बघायचं. बिघडलेलं इंजिन दुरुस्त होतं, दुसरं मिळतंही. या गाडीची किंमत कागदात, पत्र्यात आणि क्रोमच्या पट्ट्यांत आहे, आणि तिथेच फसवणूक होते. खालच्या पायऱ्याही त्याच क्रमाने आहेत.

पायरी १: कोणती स्कायलार्क, ते आधी नक्की करा

ब्युइक ही अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या घराण्यातली कंपनी, १९०३ची. १९५३ साली तिला पन्नास वर्षं झाली आणि त्या निमित्ताने स्कायलार्क निघाली. त्याच वर्षी जनरल मोटर्सच्या आणखी दोन भावंडांनी अशाच महागड्या, मोजक्याच कन्व्हर्टिबल, म्हणजे छप्पर दुमडता येणाऱ्या गाड्या, काढल्या: कॅडिलॅकची एल्डोरॅडो (५३२ गाड्या) आणि ओल्ड्समोबीलची फिएस्टा (४५८ गाड्या). बाहेरून पॅकार्डने कॅरिबियन आणली, तिच्या पहिल्या वर्षी ७५० झाल्या. म्हणजे आकड्यांनी बघितलं तर स्कायलार्क या चौघींत सगळ्यात ‘कमी दुर्मीळ’. नवख्यासाठी हे चांगलंच आहे. बाजारात ती अधूनमधून येत राहते, दोन-तीन गाड्या बघून तुलना करता येते, आणि ब्युइक क्लब ऑफ अमेरिकेत तिची नस न् नस माहीत असलेली माणसं भेटतात. फिएस्टाच्या मागे लागलात तर पहिली दिसेल ती घ्यावीशी वाटेल, आणि घाईचा सौदा महागात पडतो.

तेव्हा नवी स्कायलार्क ५,००० डॉलरच्या घरात होती. ब्युइकच्याच ज्या रोडमास्टर कन्व्हर्टिबलवर ती बेतली, तिची किंमत ३,५०६ डॉलर. वरचे दीड हजार कशाचे? बराचसा हातकामाचा पत्रा, बुटकी काच, तारांची क्रोम चाकं, आणि एरवी जादा पैसे मोजून घ्यावं लागणारं बहुतेक सगळं सामान: पॉवर स्टीअरिंग, पॉवर ब्रेक, हीटर, रेडिओ.

आता सावधगिरीची गोष्ट. १९५४ सालीही स्कायलार्क निघाली, ८३६ गाड्या, पण ती वेगळ्या चॅसीवरची, म्हणजे खालच्या लोखंडी सांगाड्यावरची, वेगळीच गाडी. त्यानंतर नाव काही वर्षं फडताळात गेलं आणि १९६१पासून ब्युइकने ते लहान, सर्वसाधारण गाड्यांना लावलं. साठच्या दशकातली स्कायलार्क कन्व्हर्टिबल चालवायला मजेशीर आहे, परवडणारीही आहे, पण ती ही नव्हे. ‘रेअर स्कायलार्क कन्व्हर्टिबल’ असं लिहून १९६४ची गाडी विकायला ठेवणारे महाभाग दर आठवड्याला दिसतात.

पायरी २: घरबसल्या कागद मागवा

जमीन घ्यायची तर बांधावर उभं राहण्याआधी सातबारा बघतात; इथेही गाडी बघायला जाण्याआधी टायटल बघायचं. अमेरिकेत टायटल म्हणजे मालकीचा सरकारी कागद, तो ज्या त्या राज्याचा असतो. विक्रेत्याकडून दोन्ही बाजूंचा फोटो मागवा. चार गोष्टी तपासा: कागदावरचं नाव विकणाऱ्याचंच आहे का, त्यावर कुणाचा बोजा आहे का, अपघातात निकालात काढलेल्या गाडीचा शिक्का आहे का, आणि नंबर काय आहे.

नाव वेगळं असेल तर ‘मित्राची आहे, मी नुसती विकून देतोय’ हे उत्तर मिळतं. मग मित्राशी बोलायचं. ‘टायटल हरवलंय, पण बिल ऑफ सेल (विक्रीची पावती) देतो’ असं कुणी म्हटलं तर गडबडूनही जाऊ नका आणि लगेच होही म्हणू नका. काही राज्यांत जुन्या गाड्यांना टायटल नसतंच. न्यूयॉर्क राज्य १९७२ आणि त्याआधीच्या मॉडेलना टायटल देत नाही. तिथे हस्तांतर करता येणारी नोंदणी हाच मालकीचा पुरावा. असा कागद घेऊन तुम्ही दुसऱ्या राज्यात नोंदणी करायला गेलात तर खिडकीवरची बाई काय काय मागेल, ते पैसे देण्याआधी आपल्या राज्याच्या कार्यालयात विचारून घ्या. गाडी दारात आल्यावर विचारण्यात अर्थ नाही.

नंबराचं प्रकरण जरा सविस्तर सांगतो. सतरा अंकी नंबराची एकसारखी पद्धत अमेरिकेत १९८१ सालापासून आली. त्याआधी प्रत्येक कंपनीची तऱ्हा निराळी. १९५३च्या ब्युइकमध्ये गाडीचा सीरियल नंबर ड्रायव्हरच्या बाजूच्या दाराच्या बिजागरीच्या खांबावर, धातूच्या पट्टीवर असतो. दार उघडलं की दिसतो. इंजिनावरचा नंबर वेगळा आणि तो वेगळाच असायला हवा. जाहिरातीतलं ‘मॅचिंग नंबर्स’ म्हणजे इंजिन कारखान्यातून या गाडीत आलेलंच आहे असा दावा, दोन्ही आकडे एकच असा त्याचा अर्थ नव्हे. कॅडिलॅकचं तेव्हा नेमकं उलट होतं, इंजिनाचा नंबर हाच गाडीचा नंबर. त्या काळात काही राज्यांनी सरसकट इंजिनाचाच नंबर टायटलवर चढवला. त्यामुळे सत्तर वर्षांपूर्वीच्या कारकुनाने लिहिलेला इंजिन नंबर आजच्या टायटलवर असणं अशक्य नाही. पण मधे कधी इंजिन बदललेलं असेल तर तो कागद आणि गाडी यांचा मेळ बसत नाही, आणि ते निस्तरण्याचं काम तुमच्या गळ्यात पडतं. मेळ बसत नसेल तर आधी विक्रेत्याने निस्तरावं, मग तुम्ही पैसे द्यावेत.

दारातल्या पट्टीशी छेडछाड झाल्यासारखी वाटली, म्हणजे कडा उचकटलेल्या, भोवती नवा रंग आणि पट्टीवर जुना, तर तिथूनच परत फिरा. नंबर बदललेली गाडी पोलीस जप्त करू शकतात. तिथे तुमचा प्रामाणिकपणा कामाला येत नाही.

पायरी ३: फायरवॉलवरचा टॅग वाचा

बॉनेट उघडायला सांगा, पण नजर इंजिनावर नको. इंजिन आणि प्रवाशांची जागा यांच्यामधल्या भिंतीवर फिशर बॉडी कारखान्याचा छोटा टॅग असतो. त्यावर ‘स्टाइल’ या शब्दापुढे जे लिहिलंय, ते या सगळ्या सौद्यातलं सर्वांत महाग अक्षर आहे. स्कायलार्कचा आकडा ५३-४७६७एसएक्स. साध्या रोडमास्टर कन्व्हर्टिबलचा ४७६७एक्स. फरक एका ‘एस’चा.

५३ म्हणजे वर्ष, आणि शेवटचे ६७ हे जनरल मोटर्सच्या त्या काळातल्या कन्व्हर्टिबलची खूण. कॅडिलॅक एल्डोरॅडोच्या टॅगवरही ६२६७एसएक्स असं असतं. हे ६७ ध्यानात ठेवलंत तर छप्पर कापून कन्व्हर्टिबल बनवलेली गाडी कुठल्याही बाजारात दुरून ओळखता येते.

टॅग नुसता वाचू नका, तो कसा बसवलाय तेही बघा. भोवतालच्या भिंतीला सत्तर वर्षांचा किंवा निदान एका रिस्टोरेशनचा रंग आणि टॅगचे रिव्हेट मात्र कालच ठोकल्यासारखे चकचकीत, हे जुळत नाही. टॅग सुटा विकत मिळू शकतो. म्हणून तो पुरावा आहे, पण एकटा पुरेसा नाही.

इथेच आणखी एक गंमतीची जागा. प्रत्येक स्कायलार्कच्या स्टीअरिंगच्या मधोमध सोनेरी चिन्हावर पहिल्या मालकाचं नाव कोरून देण्याची सोय होती. जवळ जाऊन वाचा, अक्षरं झिजलेली असली तरी तिरप्या उजेडात दिसतात. ते नाव जुन्या नोंदणीच्या कागदावर, डीलरच्या पावतीवर किंवा एखाद्या पिवळ्या पडलेल्या फोटोमागे सापडलं, तर गाडीचा इतिहास पक्का होतो आणि किमतीतही ते दिसतं. चिन्ह कोरं असेल तर घाबरू नका, स्टीअरिंग बदललेलं असू शकतं. नवंकोरं, झगझगीत नाव असेल तर मात्र ‘हे कधी कोरलं?’ एवढं विचाराच.

पायरी ४: पत्रा. इथे दोन तास द्या

स्कायलार्क दुरून रोडमास्टरसारखी वाटते, पण दारापाशी तिची रेघ खाली झुकते आणि मागच्या चाकाकडे जाताना पुन्हा वर येते. हा झोका काढण्यासाठी दारं आणि मागचे बाजूचे पत्रे वेगळे घडवले. मागच्या चाकांवरचा पत्राही मोठा गोल कापलेला, सबंध चाक दिसेल असा. आणि ब्युइकची ओळख असलेली मडगार्डवरची गोल भोकं स्कायलार्कला नाहीत. ती भोकं आणणारा डिझायनर नेड निकल्स, आणि या गाडीचं श्रेयही त्यालाच दिलं जातं. आपलीच खूण त्याने इथे पुसली, हे मला फार आवडतं.

याचा व्यवहारातला अर्थ असा: दारं, मागचे पत्रे, समोरची काच आणि बाजूची लांब क्रोम पट्टी या गोष्टी दुसऱ्या कुठल्याही ब्युइकवरून आणता येत नाहीत. रोडमास्टर भंगारात सापडेल, तिची दारं इथे बसणार नाहीत. म्हणून स्कायलार्कचं सडलेलं दार म्हणजे महिनोन् महिने शोध किंवा चांगल्या पत्राकाम करणाऱ्याचं तासांवर लावलेलं बिल.

बघायचं कसं? गाडीच्या बाजूला दहा पावलांवर उभे राहा. दार बंद असताना दार आणि मागचा पत्रा यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी दिसली पाहिजे. फट वर चिमटलेली आणि खाली फाकलेली असेल तर गाडी मधे बसली आहे. कन्व्हर्टिबलला पक्कं छप्पर नाही, म्हणून सगळा भार खालच्या चॅसीवर आणि दाराखालच्या पेट्यांवर येतो. त्या गंजल्या की बॉडी मधोमध खाली येते. विक्रेता म्हणेल, ‘बिजागरी थोडी सैल आहे.’ मग दार उघडून दोन्ही हातांनी हलकेच वर उचलून बघा. बिजागरी सैल असेल तर दार खटकन हलतं. हललं नाही आणि फट तरीही वाकडी, तर दोष खाली आहे.

त्यानंतर चुंबक. फ्रीजवर लावतात तसलं मऊ, पातळ चुंबक रुमालात गुंडाळून दाराचा खालचा भाग, मागच्या चाकाची कमान आणि डिकीचा तळ यांवरून फिरवा. जिथे सुटून पडतं तिथे लांबी-पुट्टी जाड आहे. रंगाची जाडी मोजणारं यंत्र मिळालं तर फारच उत्तम. पण एक लक्षात असू द्या, हातकामाच्या या गाड्यांत सांध्यांवर कारखान्यातच शिसं भरलेलं असायचं. त्यामुळे एखाद्या जोडावर चुंबक ढिलं पडलं म्हणून लगेच विक्रेत्याला चोर ठरवू नका. सपाट पत्र्याच्या मधोमध पडलं तर ठरवा.

मग मागच्या सीटच्या पाठीमागे, हूड म्हणजे कापडी छप्पर दुमडून जिथे बसतं त्या खोबणीत हात घाला. तिथे पाणी साचतं. ओलसर वास, फुगलेला पुठ्ठा, गालिच्याखाली तांबूस पूड, यातलं काहीही दिसलं तर गालिचा उचलायची परवानगी मागा. नाही म्हणाला तर उत्तर मिळालंच.

शेवटी गाडी लिफ्टवर चढवा. चॅसीच्या मधली एक्स आकाराची आडवी, आणि बॉडी जिथे चॅसीवर टेकते त्या जागा स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. कडक आवाज चांगला, भदभद आवाज वाईट. खाली सगळीकडे ताजा काळा डांबरी रंग मारलेला असेल तर मला चिंता वाटते. ‘फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन’ म्हणजे बॉडी चॅसीवरून उचलून केलेलं काम. त्याचे फोटो असतातच. ज्याने त्या कामाची बिलं भरली, तो माणूस अल्बम काढून दाखवल्याशिवाय तुम्हाला सोडणारच नाही. फोटो नाहीत, बिलं नाहीत, तर जाहिरातीतला तो शब्द खोडून किंमत ठरवा.

पायरी ५: चाकं, काच, क्रोम

चाकं केल्सी-हेज कंपनीची, चाळीस तारांची, क्रोम केलेली. ती खरी असली तरी त्यावरून गाडी खरी ठरत नाही, कारण तारांची चाकं त्या दशकातल्या इतर ब्युइकवरही चढवलेली सापडतात. तारांवर नखाने टिचकी मारा. एखादी बद्द वाजली तर ती ढिली आहे. आत ट्यूब असते. टायरच्या बाजूवर शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष. ‘फार कमी चालवली आहे’ म्हणजे बऱ्याचदा टायर वीस वर्षं जुने, हे तिथे कळतं.

क्रोमच्या पट्ट्या एकेक मोजा. हरवलेली पट्टी शोधायला पेन्सिल्व्हेनियातल्या हर्शीला ऑक्टोबरमध्ये अँटिक ऑटोमोबील क्लबचा मोठा मेळा भरतो, तिथे मैलोन् मैल सुट्या भागांची दुकानं लागतात. हौस म्हणून जरूर जा. पण न मिळालेल्या पट्टीच्या भरवशावर आज सौदा करू नका.

पायरी ६: हायड्रॉलिकची भानगड

ही पायरी बहुतेक जण विसरतात. स्कायलार्कचा हूड, काचा आणि पुढची सीट बटणावर चालतात, पण आजच्यासारख्या छोट्या मोटरवर नाही. एक विजेचा पंप तेल दाबतो आणि ते तेल नळ्यांतून प्रत्येक दारातल्या, सीटखालच्या आणि हूडच्या सिलिंडरपर्यंत जातं. आणि ते तेल मूळचं ब्रेक ऑइल! ब्रेक ऑइल रंगाचं काय करतं, ते गॅरेजमधल्या पोऱ्यालाही ठाऊक असतं. दाराच्या आतला सिलिंडर पाझरू लागला की पत्रा आतून सोलवटतो, आणि बाहेर कळेपर्यंत दाराची खालची कड गेलेली असते. ज्या दाराला दुसरं दार मिळत नाही, त्याच दाराच्या पोटात हा पाझर.

म्हणून दाराच्या खालच्या कडेला, पाणी निथळायच्या भोकांशी बोट फिरवा. बुळबुळीत लागलं तर समजा. दारातल्या आतल्या पॅनेलचं कापड खालून डागाळलेलं आहे का, ते बघा. मग इंजिन बंद ठेवून प्रत्येक काच वरखाली करा, हूड एकदा पूर्ण उघडा, पूर्ण मिटा. मधे अडखळला, एका बाजूने आधी उचलला गेला, तर सिलिंडर किंवा नळी गेली आहे.

‘आत्ता कोणतं तेल आहे?’ हा प्रश्न विचाराच. पुढे रिस्टोरेशन करताना कुणी सिलिकॉनचं ब्रेक ऑइल घालतात, कुणी सील बदलून ट्रान्समिशन ऑइल. दोन्ही चालतं. पण एकाचे सील दुसऱ्याला चालत नाहीत. साध्या ब्रेक ऑइलच्या रबरात ट्रान्समिशन ऑइल गेलं की रबर फुगून बसतं. विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर सगळे सील बदलायचा खर्च धरूनच बोला.

पायरी ७: आता इंजिन

३२२ घन इंचांचं व्ही-एट, म्हणजे आठ सिलिंडरचं, १८८ हॉर्सपॉवर. ब्युइकचं हे पहिलंच व्ही-एट आणि त्याच वर्षी रोडमास्टरलाही तेच मिळालं, म्हणून भाग आणि जाणकार दोन्ही आहेत. बारा व्होल्टची वायरिंग आहे, हेही सोयीचं.

किल्ली फिरवून गाडी सुरू होत नाही म्हणून गोंधळू नका. किल्ली लावायची आणि ॲक्सिलरेटर दाबायचा, स्टार्टर त्या पेडलवर आहे. विक्रेत्याला आधीच सांगून ठेवा की इंजिन थंड हवं. तुम्ही पोचायच्या आत ‘जरा गरम करून ठेवलं’ असेल तर चहा घ्या आणि थांबा.

डायनाफ्लो ही ब्युइकची ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गिअर बदलल्याचा धक्का देत नाही, एका लयीत सुटते. ती आळशी वाटेल, तो दोष नाही. खाली दोन-चार थेंब तेल दिसणारच. पण मागे जाणारा शाफ्ट एका जाड नळीत बंद आहे, त्यामुळे गिअरबॉक्स उतरवायची तर मागचा अख्खा ॲक्सल सरकवावा लागतो. म्हणून ‘सील बदललं की झालं’ हे वाक्य ऐकलं की मजुरी विचारायची.

पायरी ८: किंमत आणि जागा

चांगल्या रिस्टोरेशनची १९५३ची स्कायलार्क लिलावात सहा आकडी डॉलरला जाते. बाजारातले लोक गाडीची अवस्था एक ते चार अशा आकड्यांत सांगतात. एक म्हणजे प्रदर्शनात बक्षीस घेणारी, चार म्हणजे चालती पण दोष उघड दिसणारी. विक्रेत्याची ‘दोन’ ही सहसा तुमची ‘तीन’ असते. आणि चार नंबरची स्वस्त घेऊन एक नंबरची करू, हा हिशेब कागदावरसुद्धा जुळत नाही. क्रोम, पत्रा आणि सीटचं चामडं यांचीच बिलं तयार गाडीच्या किमतीच्या पुढे जातात. हाताने काम करण्याची हौस असेल तर गोष्ट वेगळी, पण मग त्याला गुंतवणूक म्हणू नका.

मीकम, बॅरेट-जॅक्सन, आरएम सदबीज यांच्या लिलावांत किंमत उघडपणे ठरते, हा फायदा. तोटा असा की हातोडा पडतो त्या आकड्यावर खरेदीदाराची फी चढते, बहुधा दहा टक्के किंवा वर. त्यावर राज्याचा विक्रीकर. मिशिगनमध्ये ६ टक्के. त्यावर वाहतूक. म्हणून घरून निघताना सगळं मिळून कमाल किती हे ठरवा, फी आणि कर उलटे वजा करा आणि उरलेला आकडा चिठ्ठीवर लिहून खिशात ठेवा. मंडपात दिवे असतात, संगीत असतं, शेजारचा हात वर करतो. आकडा डोक्यात ठेवला तर डोक्यातून जातो.

खाजगी सौद्यात वेळ मिळतो, घासाघीस होते, आणि बरेचदा मालकाकडून गाडीचा खरा इतिहास कळतो. माझी पसंती इथेच. क्लबच्या सभासदाकडून, त्या गाडीला बघितलेल्या दुसऱ्या सभासदाला फोन करून घेतलेली गाडी सगळ्यात कमी त्रास देते. गाडी दुसऱ्या राज्यात असेल तर तिथल्या स्वतंत्र तपासनीसाला पैसे देऊन बघायला लावा, आणि त्याला वर लिहिलेल्या जागांची यादी द्या. नाहीतर तो इंजिनाचेच फोटो पाठवेल.

बाजारभावाच्या निम्म्यात स्कायलार्क, मालक ‘परदेशी ड्यूटीवर’, गाडी ‘शिपिंग कंपनीच्या ताब्यात’, पैसे त्यांनीच सुचवलेल्या एस्क्रोमध्ये (तिऱ्हाइताच्या खात्यात): ही सगळी एकाच सापळ्याची पावलं. फोटो चोरलेले असतात. ‘आज संध्याकाळी उजव्या मागच्या चाकापाशी आजचं वर्तमानपत्र ठेवून फोटो काढा’ म्हटलं की संभाषण संपतं.

पायरी ९: सौदा झाल्यावर

इसार देताना कागदावर लिहून घ्या की तपासणीत अमुक दोष निघाला तर तो परत मिळेल. उरलेले पैसे शक्यतो विक्रेत्याच्या बँकेत, टायटल हातात घेतानाच द्या. गाडी तुमची झाली त्या क्षणापासून विमा हवा, आणि तो ‘ॲग्रीड व्हॅल्यू’ प्रकारचा, म्हणजे नुकसान झालं तर किती मिळणार हे आधीच ठरलेलं. नेहमीच्या पॉलिसीत घसारा लावून तुमच्या हातात काय पडेल, ते न बोललेलं बरं. वाहतूक बंद ट्रकमधून करा. उघड्या ट्रेलरवर वाचणारे पैसे पहिला खडा काचेवर बसेपर्यंतच वाचलेले असतात, आणि ती काच कोणती, ते आठवतंय ना.

मिशिगनमध्ये पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला हिस्टॉरिक प्लेट मिळते. स्वस्त आहे, पण गाडी संचलन, प्रदर्शन, क्लबचे कार्यक्रम अशांसाठीच काढायची. ऑगस्ट महिन्यात मात्र मुभा असते, आणि वुडवर्ड अव्हेन्यूवरची प्रसिद्ध ड्रीम क्रूझही ऑगस्टमध्येच. दुसऱ्या राज्यांचे नियम निराळे.

भारतात न्यायची असेल तर

पुण्या-मुंबईहून हा प्रश्न येतोच. मुंबईचं आणि जनरल मोटर्सचं नातं जुनं आहे. १९२८ ते १९५४ शिवडीला त्यांचा गाड्या जोडण्याचा कारखाना होता. पण आज तिकडे गाडी नेणं म्हणजे आयातशुल्क आणि कर मिळून गाडीच्या किमतीहून जास्त रक्कम भरणं. आयातीचे नियम बदलत राहतात, म्हणून चालू अधिसूचना कस्टम्सच्या जाणकाराकडून तपासून घ्या. नोंदणीसाठी केंद्र सरकारने २०२१ साली पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ रूपातल्या गाड्यांचे वेगळे नियम केले. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं, आणि रोजच्या वापराला किंवा धंद्याला गाडी काढता येत नाही. स्टीअरिंग डावीकडे, हेही विसरू नका. माझं मत विचाराल तर इथे घ्या, इथेच चालवा.

पहिला उन्हाळा

गाडी आली की लगेच शंभर मैलांच्या सहलीला निघू नका. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल जुन्या रबरी नळ्या खातं, म्हणून इंधनाच्या सगळ्या नळ्या नव्या टाका. इंजिन ऑइल जस्त असलेलं, जुन्या इंजिनांसाठीचं घ्या. सीटबेल्ट मुळात नाहीत. लहान मुलांना घेऊन जायचं असेल तर आधी ते जाणकाराकडून पक्के बसवून घ्या, नुसत्या पत्र्याला बोल्ट करून नको.

आणि सगळ्यात आधी ब्रेक. चारही चाकांना ड्रम आहेत आणि मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा. कुठेही एक नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात, दुसरं सर्किट मदतीला येत नाही. विक्रेत्याने कितीही शपथा घेतल्या तरी रबरी नळ्या, चाकांतले सिलिंडर आणि लोखंडी पाइप बदला, तेल नवं भरा, हँडब्रेक उतारावर उभं राहून तपासा आणि मगच हूड खाली करा.